आहेरातला लेमन सेट

सोसायटीच्या गणेशोत्सवात टेबल टेनिसचा ड्रॉ लागला की मी आधी एकच बघतो, दाणेवाले काका कुणाच्या वाट्याला आलेत. असे एक काका प्रत्येक जिमखान्यात आणि प्रत्येक क्लब हाऊसमध्ये असतातच. गुडघ्याला नी-कॅप, पायात सकाळी फिरायला जायचे बूट आणि हातात अशी बॅट की जिची एक बाजू सभ्य, तर दुसऱ्या बाजूला उभे दाणे. काका टेबलाला खेटून उभे राहतात. पळत नाहीत, घाम गाळत नाहीत, नुसती बॅट पुढे धरतात. पोटऱ्या दुखेपर्यंत उड्या आपण मारायच्या आणि 11-4 ने हरायचंही आपणच.

या रबराला लाँग पिंपल म्हणतात. नेहमीचं रबर बॉलला धरून ठेवतं आणि त्याची गिरकी बदलतं. हे उंच, बारीक, गुळगुळीत दाणे बॉल लागला की वाकतात, पण त्याला पकडत नाहीत. बॉल ज्या अंगाने गिरकी घेत गेला, जवळजवळ त्याच अंगाने घेत परत येतो. उलटते ती फक्त प्रवासाची दिशा. म्हणजे आपला टॉपस्पिन (पुढच्या अंगाने फिरणारा बॉल) आपल्याकडे कट (मागच्या अंगाने फिरणारा) होऊन येतो आणि आपला कट हलका टॉपस्पिन होऊन. आपणच कुणाच्या तरी लग्नात दिलेला लेमन सेट चार घरं फिरून आपल्या मुलाच्या मुंजीत परत यावा, तसा हा व्यवहार.

म्हणून पहिला नियम, काकांच्या हाताकडे बघायचं नाही. हात वरून खाली आला म्हणजे कट आला, असं आपला मेंदू ठरवून टाकतो. आपण बॅट उघडी, म्हणजे तोंड वर करून धरतो, पुश करतो, म्हणजे कट देत बॉल हलकेच ढकलतो, आणि बॉल कॅरम खेळणाऱ्यांच्या सोंगट्यांत जाऊन पडतो. का? मागचा फटका आपणच कट मारला होता. तेव्हा आहेराची वही ठेवायची. आपण काय दिलं होतं ते आठवायचं, तेच उलटं होऊन येणार.

दुसरी चूक तरुण मंडळींची. पहिला टॉपस्पिन बसला की जोर चढतो आणि दुसरा त्याहून करकरीत मारतात. जितकी गिरकी घालाल तितका जड कट परत येतो, आणि त्याच सपाट हाताने मारलेला दुसरा फटका थेट नेटमध्ये. मारायचाच असेल तर गुडघे वाकवा, बॅट बॉलच्या खालून आणा आणि पुढे कमी, वर जास्त उचला. त्याहून सोपी युक्ती अशी, की एक टॉपस्पिन, पुढचा पुश. पुशवर येणारा बॉल हलका टॉपस्पिन असतो, तो बिनधास्त मारा.

सर्व्हिसवर फार कलाकुसर नको. नेहमीच्याच हातवाऱ्याने, पण गिरकी न घालता, लांब आणि जलद बॉल दाण्यांवर टाका. दाण्यांना उसनं घ्यायला काही मिळालं नाही की काकांचा परतीचा बॉल तरंगत येतो. स्वतःची गिरकी घालणं त्या रबराला फारसं जमत नाही. मग दोन बॉल खोल, एक नेटजवळ. नी-कॅप तिथे कामाला लागते.

दाणे म्हणजे लबाडी असा गैरसमज मात्र नको. मनिका बत्राने 2018 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत एकेरीचं सुवर्ण जिंकलं, ते बॅकहँडला दाणेच लावून. नियमाला एवढंच हवं की रबर मान्यताप्राप्त असावं आणि त्यावर काही प्रक्रिया केलेली नसावी. कुरडयांबरोबर गच्चीत चार उन्हाळे वाळवलेलं रबर ‘जुनंच आहे हो’ म्हणून खपवणारेही असतात. खेळ सुरू होण्याआधी समोरच्याची बॅट बघायचा तुम्हाला हक्क आहे. मागा, आणि अंगठा फिरवून बघा. दाणे लोळले तर लाँग. आखूड आणि ताठ असतील तर ते शॉर्ट पिंपल. त्याचं शास्त्र वेगळं, त्याला वर दिलेलं काहीही लावू नका.

बाकीचे प्रतिस्पर्धी त्या मानाने सरळ. एक असतो नुसता पुश करणारा. त्याला घाई नसते, आपल्याला असते, आणि त्यातच त्याचे अर्धे गुण. प्रत्येक बॉल मारायला जाऊ नका. खोल आणि जलद पुश त्याच्या कोपराच्या रोखाने टाका, किंवा सर्व्हिसच टॉपस्पिन करा. सवयीने तो त्यावरही पुश करतो आणि बॉल वर उडतो.

दुसरा कोचिंगला जाणारा आठवीतला मुलगा. सर्व्हिस करताना त्याचा हात ‘ळ’ काढल्यासारखा फिरतो. त्यातला बॉलला बॅट लागते तो क्षण तेवढा खरा, बाकी सगळी सजावट. बॅट जिकडून आली त्या बाजूला निशाणा धरा, नाहीतर साईडस्पिनने, म्हणजे आडव्या गिरकीने, तुमचा बॉल टेबलाबाहेर जाईल. बॉल निदान 16 सेंटिमीटर वर उडवायला हवा, म्हणजे नेटपेक्षा जरासा उंच, हेही त्याला प्रेमाने सांगून ठेवा. तो नियमाचा आकडा तुमच्याआधी सांगेल.

डावखुऱ्यांबद्दल मी बोलत नाही. ते जन्मतःच जिंकलेले असतात.

पुन्हा काकांकडे. बॅटची एक बाजू काळी आणि दुसरी वेगळ्या रंगाची असलीच पाहिजे, कारण एकेकाळी दोन्ही बाजू एकाच रंगाच्या ठेवून लोक खेळता खेळता बॅट उलटवायचे. 1986 पासून लाल-काळं सक्तीचं झालं. 2021 मध्ये लालऐवजी गुलाबी, हिरवा वगैरेही चालू लागले. रंग दिसतो, पण उलटवायला बंदी नाही. दर सहा गुणांनी घाम पुसायची मुभा असते. 9-9 म्हणजे बरोबर अठरा गुण. अख्ख्या सामन्यात घामाचा थेंब न गाळलेले काका तेव्हा शांतपणे रुमाल काढतात, कपाळ पुसतात, हात पुसतात. तेव्हा कपाळाकडे बघू नका. बॅटीकडे बघा; इतका वेळ बॅकहँडला असलेली दाण्यांची काळी बाजू आता फोरहँडला आलेली असते.