२७ ऑगस्टला दोन चंद्र दिसणार नाहीत
‘२७ ऑगस्टला मंगळ पौर्णिमेच्या चंद्राएवढा दिसणार’ हा मेसेज गोव्यात म्हापसा-काणकोणच्या ग्रुपांवर पुन्हा फिरतोय. तो खोटा आहे, आणि चांगलाच शिळा. २००३ साली त्या तारखेला मंगळ खरंच सुमारे ५ कोटी ५८ लाख किलोमीटरवर आला होता. मूळ मजकुरात ‘७५ पट मोठं दाखवणाऱ्या दुर्बिणीतून’ असं होतं. फॉरवर्ड होताहोता दुर्बीण गळली, चंद्र तेवढा उरला! नुसत्या डोळ्यांना तेव्हाही मंगळ तांबूस ठिपकाच होता. रुंदी चंद्राच्या जेमतेम सत्तराव्या हिश्शाएवढी. शिवाय ऑगस्टात, चतुर्थीच्या माटोळीची (गणपतीवर टांगायच्या फळापानांच्या चौकटीची) जमवाजमव चाललेली असताना, मिरामारच्या आभाळात ढगांपलीकडे काय दिसतं म्हणा! मंगळ दर २६ महिन्यांनी जवळ येतो. पुढची खेप फेब्रुवारी २०२७ ची. तेव्हा आभाळही मोकळं असतं.