पैसा कुणाच्या खिशातला?

ऑगस्ट २०२४ मध्ये दिल्लीतल्या एका कंपनीने बाजारातून सुमारे १२ कोटी रुपये मागितले. कंपनीची मोटारसायकलींची दोन शोरूम आणि कर्मचारी आठ. अर्ज आले जवळपास ४,८०० कोटींचे. तेव्हापासून अशा लहान कंपन्यांचे शेअर सामान्य माणसाने घ्यावेत का, यावर मराठी घरांत, ऑफिसांत आणि फॅमिली ग्रुपवर जो वाद चाललाय तो मी न्यू जर्सीत बसून रोज वाचतो. एक पक्ष म्हणतो, छोट्या माणसाला या गल्लीत येऊच देऊ नका. शेअर बाजाराची नियामक सेबी, तिनेही २०२५ मध्ये एसएमई आयपीओतला, म्हणजे लहान कंपन्यांच्या पहिल्या जाहीर शेअरविक्रीतला, किमान अर्ज दोन लाखांच्या वर नेला. दुसरा पक्ष म्हणतो, स्वतः डोकं चालवायची गरज काय, बडे गुंतवणूकदार घेतात ते घ्या. दर तिमाहीला प्रत्येक कंपनीच्या शेअरहोल्डिंगची (कुणाकडे किती शेअर आहेत याची) यादी येते, एक टक्क्याहून जास्त वाटा असलेल्यांची नावं त्यात दिसतात, आणि एखादं प्रसिद्ध नाव झळकलं की दुसऱ्या दिवशी भाव उसळतो.

मला दोन्ही मतं पटत नाहीत. इथे राहून हा विषय मला टाळताही येत नाही. अमेरिकेत कर भरणाऱ्याने भारतातल्या म्युच्युअल फंडात पैसे ठेवले, तर इथला कर कायदा त्या फंडाला परदेशी निष्क्रिय गुंतवणूक कंपनी मानतो आणि कराचं गणित फार जाचक होतं. त्यामुळे आमच्यातले बरेच जण भारतात थेट शेअर घेतात. साहजिकच दोन्हीकडचे कागद वाचावे लागतात.

अमेरिकेतला जो कागद मी सगळ्यात आधी उघडतो तो म्हणजे ‘फॉर्म ४’. कंपनीचे वरिष्ठ अधिकारी, संचालक आणि दहा टक्क्यांहून जास्त वाटा असलेले मालक यांनी शेअर घेतला किंवा विकला, की दोन कामकाजाच्या दिवसांत तो भरावा लागतो. ही दोन दिवसांची मुदत २००२ च्या कायद्याने आली. आतल्या बातमीवर चोरून व्यवहार करणं हा गुन्हा आहे. पण आतल्या माणसाने नियम पाळून, उघडपणे, स्वतःच्या पैशाने केलेली खरेदी ही सगळ्यांना फुकट मिळणारी माहिती आहे. फॉर्मवर एक अक्षर असतं. बक्षिसात मिळालेल्या शेअरचं अक्षर वेगळं, बाजारातून रोख देऊन घेतलेल्याचं वेगळं. ते अक्षर न बघता ‘संचालकांची खरेदी’ म्हणून आनंदून जाणारे इथेही पुष्कळ आहेत. लाकोनिशोक आणि ली या अभ्यासकांनी २००१ मध्ये अमेरिकी बाजाराची वीस वर्षांची आकडेवारी तपासून दाखवलं, की आतल्या माणसांच्या विक्रीतून फारसं काही कळत नाही, खरेदीतून कळतं, आणि तेही मुख्यतः लहान कंपन्यांत. कारण उघड आहे. मोठ्या कंपनीवर अनेक विश्लेषकांची नजर असते, लहान कंपनीकडे कुणी बघत नाही.

हे झालं कंपनीच्या आतल्या माणसांचं. बाहेरून पैसा लावणाऱ्या बड्यांचं, म्हणजे अनेकांचे पैसे एकत्र करून गुंतवणाऱ्या खासगी भागीदाऱ्यांचं काय? वॉरन बफे यांनी १९५६ मध्ये ओमाहात अशी भागीदारी सुरू केली. भागीदारांना ते जी पत्रं लिहीत, ती आज कुणालाही वाचता येतात. त्यांतलं सॅनबॉर्न मॅप या छोट्या कंपनीचं प्रकरण मी अनेकांना वाचायला लावलंय. ही कंपनी आगविम्यासाठी शहरांचे नकाशे काढायची. १९५८ मध्ये तिच्याकडच्या रोख्यांची आणि शेअरची किंमत प्रत्येक शेअरमागे ६५ डॉलर होती, आणि शेअर मिळत होता ४५ ला. म्हणजे नकाशांचा अख्खा धंदा उणे २० डॉलरला! बफेंनी पुढे लिहिलेला आकडा मला त्याहून महत्त्वाचा वाटतो. १४ संचालकांपैकी नऊ जण विमा क्षेत्रातले प्रतिष्ठित लोक होते, आणि त्या नऊ जणांकडे मिळून कंपनीच्या १,०५,००० शेअरपैकी फक्त ४६ शेअर होते. भाव का रुतून बसलाय, लाभांश का कापला जातोय, याचं उत्तर त्या ४६ मध्ये आहे. ज्यांचा पैसा लागलेला नाही, त्यांना घाई कशाला असेल?

आपल्या तिमाही यादीत हा ‘का’ मिळत नाही. नाव मिळतं, टक्का मिळतो. त्याने कोणत्या भावाला घेतलं, किती वर्षांसाठी घेतलं, त्याच्या एकूण पैशांत हा हिस्सा किती, यातलं काहीही कळत नाही. पाचशे कोटींच्या मालकाने गमावायची तयारी ठेवून लावलेले दोन कोटी, आणि आपल्या भावाने मुलीच्या शिक्षणाचे काढून लावलेले दोन लाख, हे एकाच यादीकडे बघून लावले जातात याचं मला फार वाईट वाटतं.

पण अमेरिकेचा धडा तसाच्या तसा उचलूनही चालणार नाही. तिथल्या संचालकाकडे मुळात शेअर थोडे असतात, म्हणून त्याची खरेदी ही बातमी ठरते. आपल्याकडे प्रवर्तकाचा, म्हणजे कंपनी उभी करून तिचा ताबा ठेवणाऱ्या मालकाचा, वाटा पन्नास-साठ टक्के असणं नेहमीचं आहे, ७५ टक्क्यांपर्यंत मुभा आहे. त्याच्या बाबतीत वाढ कशी झाली हे बघायला हवं. ‘प्रवर्तकांनी हिस्सा वाढवला’ या मथळ्याखाली अनेकदा वॉरंट असतात, म्हणजे ठरलेल्या भावाने पुढे शेअर घ्यायचा हक्क. शंभर रुपयांच्या वॉरंटला सुरुवातीला २५ रुपये भरायचे, उरलेल्या ७५ साठी १८ महिने हातात. भाव चढला तर बाकी भरून शेअर घ्यायचा, पडला तर २५ सोडून द्यायचे. ही संधी तुम्हा-आम्हाला कुणी देत नाही. म्हणून वॉरंटला बाजारातल्या रोख खरेदीच्या पंगतीत बसवू नये. आणि त्याच प्रवर्तकाने आपले किती शेअर तारण ठेवलेत, तो रकानाही त्याच यादीत असतो. तो मी टक्केवारीच्या आधी वाचतो.

भारतातली माहिती अपुरी आहे असं इथले काही मित्र म्हणतात, ते खरं नाही. एका तिमाहीत दहा लाखांच्या वर गेलेले प्रवर्तकांचे आणि संचालकांचे व्यवहार काही दिवसांत शेअर बाजाराच्या संकेतस्थळावर येतात, ते कोणत्या मार्गाने झाले यासकट. प्रवर्तकाने बाजारातून, निकालानंतर, पडत्या भावात, पुन्हा पुन्हा घेतलेत का, हे कुणालाही पंधरा मिनिटांत बघता येतं. त्यावरून लगेच खरेदी करावी असं नाही. प्रवर्तकही आपल्या धंद्याच्या प्रेमात आंधळा असू शकतो. पण ताळेबंद उघडायला ते पुरेसं कारण आहे.

एक गोष्ट मात्र अमेरिकेकडून घ्यायलाच हवी. तिथे कुणी पाच टक्क्यांच्या वर गेला आणि कंपनीच्या कारभारात हस्तक्षेप करायचा त्याचा इरादा असला, तर आता पाच कामकाजाच्या दिवसांत त्याला खरेदीचा हेतू लेखी द्यावा लागतो. संचालक मंडळ बदलायचंय, कंपनी विकायला लावायचीय, काय ते स्पष्ट. आपल्याकडेही पाच टक्क्यांवर माहिती द्यावी लागते: किती, कधी, कोणत्या मार्गाने. हेतूचा रकाना नाही. ज्या खासगी फंडांत शिरायला एक कोटी लागतात, आणि ज्या पोर्टफोलिओ सेवेत (ग्राहकाचे पैसे त्याच्या वतीने गुंतवणाऱ्या) पन्नास लाख, त्यांचा खरेदीमागचा विचार त्यांच्या ग्राहकांपुरता राहतो आणि बाहेरच्यांना उरतं ते नाव. सेबी नव्या नियमांचे मसुदे लोकांच्या मतासाठी जाहीर करते. किमान अर्जाची रक्कम वाढवण्यावर लोक जेवढ्या हिरिरीने लिहितात, तेवढ्याच हिरिरीने हा रकाना मागितला पाहिजे. माझं मत मी पाठवतोय.