‘शृंगिका’ दीर्घिकांच्या छायाचित्राविषयी खुलासा

हबल दुर्बिणीने टिपलेले ‘शृंगिका’ (अँटेनी) या दोन दीर्घिकांच्या, म्हणजे ताऱ्यांच्या दोन प्रचंड समूहांच्या (गॅलेक्सी), टकरीचे छायाचित्र सध्या ‘लाखो तारे एकमेकांवर आदळून फुटत आहेत, हे निळे ठिपके म्हणजे ते स्फोट’ अशा मजकुरासह फिरत आहे. छायाचित्र खरे आहे. मजकूर चुकीचा आहे.

एनजीसी या खगोलीय सूचीत ४०३८ आणि ४०३९ हे क्रमांक असलेल्या त्या दीर्घिका आपल्यापासून सुमारे ७ कोटी प्रकाशवर्षे दूर, हस्त नक्षत्राच्या दिशेला आहेत. दीर्घिका एकमेकींत शिरल्या तरी तारे सहसा आदळत नाहीत, कारण त्यांच्यामधली पोकळी अफाट असते. सूर्याला ज्वारीच्या दाण्याएवढा मानून पुण्यात ठेवले, तर त्याच्या सर्वांत जवळच्या ताऱ्याचा दाणा जवळपास मुंबईत ठेवावा लागेल.

आदळतात ते वायूचे ढग. ते दाबले जाऊन त्यांतून ताऱ्यांचे थवेच्या थवे जन्मतात, आणि छायाचित्रातले निळे ठिपके म्हणजे असे नवजात तारकागुच्छ होत. त्यांच्याभोवतीची गुलाबी झाक त्यांच्याच प्रारणाने उजळलेल्या हायड्रोजनची आहे. म्हणजे ज्याला मृत्यू म्हटले, ते बाळंतपण निघाले! हबलच्या २००६ मधील छायाचित्रात असे हजारांहून अधिक तेजस्वी गुच्छ दिसतात. मात्र त्यांपैकी सुमारे ९० टक्के पहिल्या एक कोटी वर्षांतच विखुरतील, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. सर्वांत वजनदार असे शंभरेक गुच्छ टिकतील आणि पुढे आपल्या आकाशगंगेतल्यासारखे गोलाकार तारकागुच्छ बनतील.