दाजी, नुसती चित्रं हलवायची असती तर गोष्ट वेगळी होती

आमच्या घरच्या व्हॉट्सअप ग्रुपवर पंधरा दिवस एकच विषय चाललाय. भाच्याला बारावीनंतर इंटरॅक्टिव्ह मल्टिमीडियाची डिग्री करायचीय आणि दाजींचं म्हणणं, चित्रं हलवायला चार वर्षं कशाला, युट्यूबवर फुकट येतंय की सगळं, गप कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला जा. ताई मधेच शेंगा चटणीचा फोटो टाकून विषय बदलते. शेवटी सगळे मला विचारतात, कारण मी इकडं जर्मनीत ऑग्सबुर्गला हेच काम करतो, म्युझियममधल्या टचस्क्रीन, प्रोजेक्शन, हात लावला की बोलणाऱ्या वस्तू वगैरे.

खरं सांगू का, दाजी अर्धे बरोबर आहेत. मी पुण्यात जो कोर्स केला त्यात दोन वर्षं फ्लॅश हे ॲनिमेशनचं सॉफ्टवेअर शिकलो, आणि 31 डिसेंबर 2020 ला अडोबी कंपनीनं फ्लॅशचा सपोर्टच बंद केला, बसा आता. सॉफ्टवेअर शिकायला डिग्री नको, थ्रीडी चित्रांचं ब्लेंडर तर फुकटच आहे. त्यामुळं ज्या इन्स्टिट्यूटच्या बोर्डावर सॉफ्टवेअरची यादी आणि शंभर टक्के प्लेसमेंट लिहिलंय तिथं लाखो रुपये भरू नको बे.

पण उरलेलं अर्धं दाजींना दिसत नाही. माझ्या एका स्क्रीनवर 'सुरू करा' असं भलंमोठं बटण होतं, आणि लोक शेजारच्या भिंतीवर छापलेला बाण दाबत बसायचे! दोन दिवस गप कोपऱ्यात उभं राहून बघितलं तेव्हा कळलं. हे बघणं, चूक माणसाची नाही आपली आहे हे मान्य करणं आणि परत करणं, चांगल्या डिग्रीत चार वर्षं हेच घासून घेतात, आणि ते युट्यूबवर होत नाही कारण तिथं तुमचं काम कुणी वापरतच नाही.

ऑग्सबुर्ग पण आपल्या सोलापूरसारखंच कापडाचं गाव. गिरण्या बंद पडल्या, एका जुन्या सूतगिरणीत 2010 पासून टेक्स्टाईल म्युझियम आहे, तिथं माग चालवून दाखवतात. पहिल्यांदा तो खडखडाट ऐकला आणि थेट सोलापुरात आपल्या मागवाल्या पूर्व भागात उभा असल्यासारखं वाटलं. भाच्याचे आजोबा, म्हणजे दाजींचेच वडील, जकार्डच्या, म्हणजे मागावर नक्षी विणायच्या यंत्राच्या, कार्डांना भोकं पाडायचे. ग्राफवर मोर रंगवायचा, मग एकेका चौकोनाचं भोक आहे की नाही ठरवायचं. धागा कसा बसतो ते माहीत नसलं तर कागदावरचा मोर चादरीवर बदक व्हायचा, हे आजोबाच सांगायचे. आता दाजी, त्यांना कुणी म्हणलं का की चित्रं काढायला पगार कशाला?

पण या धंद्यात सोनं पसरलंय असं पण नाही. फेब्रुवारी 2025 मधे सिनेमांचे इफेक्ट्स करणारी टेक्निकलर कंपनी कोसळली, त्यात मुंबई-बेंगळुरूची पोरं पण एका दिवसात घरी बसली. गेमवाल्यांनी 2023-24 मधे हजारोंनी माणसं काढली. माझं काम प्रोजेक्ट टू प्रोजेक्ट, मधले दोन महिने कधीकधी कोरडेच. स्थिर पैसा म्युझियमपेक्षा ॲपच्या यूएक्समधे (ॲप वापरायला सोपं करायचं काम), ई-लर्निंगमधे, गाडीच्या डॅशबोर्डच्या स्क्रीनमधे जास्त, नाव ग्लॅमरस नसलं तरी. आणि नुसत्या बारावीवर जर्मनीत बॅचलरला थेट ॲडमिशन सहसा मिळत नाही, वर व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटला, म्हणजे महिन्याला ठरलेलेच पैसे काढता येतात अशा खात्यात, वर्षाचे पैसे आधी दाखवायचे, 2025 मधे ते 11,904 युरो होते. एवढे पैसे दाजींनी घर गहाण टाकून उभे करावेत असं मी म्हणणार नाही. आधी आयआयटीच्या डिझाईन डिग्रीची यूसीड परीक्षा दे, एनआयडी या डिझाईन इन्स्टिट्यूटची परीक्षा दे, परदेश मास्टर्सला बघू.

फॉर्म भरायच्या आधी मी भाच्याला एक काम दिलं. बँकेत जा, टोकन मशिनपाशी दोन तास बस, लोक कुठं अडतात ते लिहून पाठव. काल रात्री ग्रुपवरच आलं: "मामा, मशिनला कुणी हातच लावत नाही. सगळे वॉचमनला म्हणतात, तुम्हीच दाबा की ओ."

दाजींनी त्यावर अंगठा टाकलाय. बोलले अजून काही नाहीत.