सरपंचाचा जेसीबी, गावाचा पाणंद रस्ता

खान्देशातील व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एक संदेश फिरतो आहे. सरपंचाने आपला जेसीबी पाणंद रस्त्याच्या (शेतात जाणाऱ्या वाटेच्या) कामाला लावला तर बिघडले काय, असा त्याचा सूर आहे: काम लवकर होते, पैसा गावातच राहतो, आणि ठेका पत्नीच्या नावावर असला की कायद्याची अडचण येत नाही.

कायद्याचा मुद्दा आधी घेऊ, कारण त्यावर विसंबणाऱ्याचे पदच जाऊ शकते. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ च्या कलम १४ नुसार, पंचायतीच्या कामात किंवा करारात ज्याचा स्वतः वा भागीदारामार्फत, प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष हितसंबंध असेल, तो सदस्यपदास अपात्र ठरतो. वाद झाल्यास निर्णय जिल्हाधिकारी देतात. त्यामुळे यंत्राचे हप्ते कोण भरतो, बिलाची रक्कम शेवटी कोणाकडे जाते, हेही तपासले जाऊ शकते. केवळ नात्यावरून हितसंबंध सिद्ध होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने नगरपालिकेतील नोकरीच्या एका प्रकरणात म्हटले आहे, हेही खरे. म्हणून विभक्त राहून स्वतःचा धंदा करणाऱ्या भावाला सरसकट दोषी धरणे चूक आहे. सरपंचाच्याच पैशांवर चालणारा जेसीबी पत्नीच्या नावावर दाखवणे ही मात्र वेगळी गोष्ट झाली.

काम लवकर होते, हे अनेकदा खरे असते. रावेर-यावल पट्ट्यात केळीची गाडी चिखलात रुतली की दारातले यंत्र कोणालाही हवेसे वाटेल. अडचण बिलापाशी येते. मोजमाप अभियंता नोंदवतो, पण खर्चाला मंजुरी देणाऱ्या मासिक सभेचा अध्यक्ष सरपंच असतो आणि पैसे सुटतात ते त्याच्या व ग्रामपंचायत अधिकाऱ्याच्या (म्हणजे कालपर्यंतच्या ग्रामसेवकाच्या) सहीने. मुरूम कमी पडला, दबाई झालीच नाही, तर हरकत कोणी घ्यायची? यात प्रामाणिक सरपंचाचीही कोंडी होते, कारण काम चांगले झाले तरी ते पटवून द्यायला त्याच्याकडे तटस्थ साक्षीदार उरत नाही.

पैसा गावातच राहतो, हे म्हणणे ढोबळ आहे. सरपंचच ठेकेदार असेल तर गावातले इतर यंत्रवाले दरपत्रक द्यायला सहसा पुढे येत नाहीत. मग दर वाजवी होता की नाही, हे कळायला मार्गच राहत नाही.

‘मग व्यावसायिकाने निवडणूकच लढवू नये का?’ हा संदेशातील टोमणा. अवश्य लढवावी. जळगाव-धुळ्याच्या महापालिकांना लागू असलेल्या कायद्यातही महापालिकेशी करार करणाऱ्या एखाद्या कंपनीचे शेअर असणे, एवढ्यावरून कोणी अपात्र ठरत नाही. जेसीबीवाल्या सरपंचाने बाहेरची कामे खुशाल घ्यावीत. आपल्या पंचायतीत विभक्त नातेवाइकाचा दर आला, तर नाते सभेत आधी सांगावे, ते इतिवृत्तात नोंदवून घ्यावे आणि निर्णय होईपर्यंत बाहेर बसावे.