दहा पुस्तकांनंतर सगळी रद्दी? मुळीच नाही

सांगली-मिरजेच्या गुन्हेकथा वाचणाऱ्या मंडळींत सध्या एक मजकूर या फोनवरून त्या फोनवर फिरतो आहे. मलाही तो तिघाचौघांनी पाठवला. त्याचा गोषवारा असा: पॅट्रिशिया कॉर्नवेल या अमेरिकन लेखिकेची, शवविच्छेदन करणाऱ्या डॉ. के स्कार्पेटा हिच्यावरची कादंबरीमालिका पहिल्या दहा पुस्तकांपर्यंतच वाचावी. पुढे तिने मेलेली माणसं उठवली, शवविच्छेदन सोडून कॉम्प्युटर आणि ड्रोन आणले, पैशासाठी गोष्ट ताणली; पुढची ज्यांना आवडतात त्यांना ती निव्वळ सवयीमुळे. आणि तसंही, व्हर्जिनियातल्या शवागाराशी आपल्याकडच्या वाचकाचं काय देणंघेणं? अकरावं पुस्तक हाती आलं तर सरळ रद्दीत घाला.

मी इथल्या कोर्टात फौजदारी वकिली करतो आणि ही मालिका बरीच वर्षं वाचत आलो आहे. मजकुरातल्या काही तक्रारी खऱ्या आहेत, त्या मी खाली मान्यही करणार आहे. पण निकाल चुकीचा आहे, आणि ज्या पोरांनी अजून एकही पुस्तक उघडलेलं नाही ती या निकालावर विसंबून हात आखडता घेतायत, म्हणून हे लिहितोय.

आधी तो दहाचा आकडा. पहिली कादंबरी 'पोस्टमॉर्टेम' 1990 साली आली आणि एडगर, क्रीझी, अँथनी, मॅकॅव्हिटी असे गुन्हेकथांसाठीचे सन्मान तिला एकाच वर्षात मिळाले. चौथ्या 'क्रुएल अँड अनयुज्युअल'ला 1993 चा गोल्ड डॅगर मिळाला. इथपर्यंत कुणाचाच वाद नाही. पण दहावं पुस्तक कोणतं? 1999 चं 'ब्लॅक नोटिस'. बेल्जियमहून आलेल्या जहाजावरच्या कंटेनरमध्ये कुजलेलं प्रेत सापडतं इथून ते सुरू होतं आणि जाऊन पोचतं सर्वांगावर केस असलेल्या, स्वतःला लांडगा-माणूस म्हणवणाऱ्या खुन्यापाशी. सगळ्या मालिकेतला सगळ्यात भडक खलनायक हा. नंतरच्या पुस्तकांना ज्या अतिरेकाबद्दल बोल लावला जातो, तो या 'सोन्याच्या' दहांतच आहे. म्हणजे रेघ दहावर पडत नाही. मग ती कुठे पडते?

माझं मत स्पष्ट आहे: बाराव्या पुस्तकावर. आणि तिचं कारण कथानकात नाही, आवाजात आहे. पहिली अकरा पुस्तकं स्कार्पेटा स्वतः सांगते. टेबलावर प्रेत आहे, हातात स्केलपेल आहे, आणि ही बाई आपल्याला सांगते आहे की तिला काय दिसतंय, कशाची भीती वाटतेय, घरी जाऊन ती काय शिजवणार आहे. वाचक तिच्या डोळ्यांनी बघतो. 2003 च्या 'ब्लो फ्लाय'मध्ये लेखिकेने हा 'मी' काढून टाकला. निवेदन तृतीयपुरुषी झालं, खुन्याच्याही डोक्यात शिरू लागलं. ज्या बाईशी तेरा वर्षांची ओळख, ती एकाएकी लांब कुठेतरी चालताना दिसायला लागली. हे सहा पुस्तकं चाललं, 2009 पर्यंत. विश्रामबागेतले माझे एक वकीलमित्र तेव्हा मालिका सोडून गेले ते गेलेच, आणि त्यांना मी दोष देत नाही. त्या सहांतली दोन मलाही नेटाने संपवावी लागली.

पण 2010 च्या 'पोर्ट मॉर्चुअरी'त तो 'मी' परत आला, आणि तो अजूनही आहे. ज्यांनी 2003 ला पुस्तक मिटलं त्यांना हे ठाऊकच नाही. त्यांचा राग खरा, पण तो सहा पुस्तकांवरचा राग आहे. तो उचलून पुढच्या सगळ्या पुस्तकांवर टाकायचा, तीही न वाचता, हे मला पटत नाही. कोर्टात साक्षीदार असं बोलला तर पहिल्या दोन प्रश्नांत खाली बसतो.

मेलेली माणसं उठवल्याचा आरोप सगळ्यात वजनदार आहे, म्हणून तो झटकून टाकणार नाही. (ज्यांना पुढचं आधी कळायला नको असेल त्यांनी हा परिच्छेद सोडावा.) 1998 च्या 'पॉइंट ऑफ ओरिजिन'मध्ये स्कार्पेटाचा प्रियकर, एफबीआयचा बेंटन वेस्ली, जळून मरतो. वाचकाने तिच्याबरोबर त्याचं सुतक पाळलं. पाच वर्षांनी कळतं की तो जिवंत आहे, लपला होता. वाचकाला फसवल्यासारखं वाटणारच. त्याच 1998 च्या पुस्तकात संपलेली कॅरी ग्रेथन ही खुनी बाई 2014 मध्ये पुन्हा उभी राहते, तेव्हा तर मीही पुस्तक उपडं ठेवून बाहेर जाऊन आलो. एकदा चालतं, दुसऱ्यांदा तेच केलं की मरणाचं वजन जातं. ज्या मालिकेचा सगळा डोलारा 'मेलेला माणूस खोटं बोलत नाही' या विश्वासावर उभा आहे, तिला हे परवडत नाही.

तरीही यावरून मालिका मेली असं ठरत नाही. शेरलॉक होम्सला त्याच्या लेखकाने 1893 मध्ये धबधब्यात ढकललं आणि 1903 मध्ये परत आणलं. वॉटसनच्या तीन वर्षांच्या शोकाचं काय, म्हणून आज कुणी होम्स रद्दीत घालत नाही. परत आल्यानंतरच्या गोष्टी आपण एकेक करून वाचतो, काही आवडतात, काही नाही. तोच न्याय इथेही लावावा. शिवाय बेंटन परत आल्यावर सगळं सुरळीत झालं असं लेखिकेने दाखवलेलं नाही. ज्या माणसाने आपल्याला विधवेसारखं जगायला लावलं त्याच्याशी पुन्हा संसार मांडायचा, हा काटा पुढे बराच काळ सलत राहतो. परत आणण्याची रीत मला कच्ची वाटते. त्याचे परिणाम मात्र तिने टाळले नाहीत.

आता कॉम्प्युटर. हा आरोप ज्यांनी लिहिला त्यांनी पहिलं पुस्तक पुन्हा काढून बघावं. 1990 च्या त्या कादंबरीत खुनाच्या तपासाइतकाच महत्त्वाचा एक धागा आहे: स्कार्पेटाच्या कार्यालयाच्या कॉम्प्युटरमध्ये कुणीतरी बाहेरून शिरलंय आणि प्रकरणांची माहिती बघतंय. तिची भाची ल्युसी तेव्हा दहा वर्षांची, आणि ती मावशीच्या घरच्या कॉम्प्युटरवर बोटं चालवते. आपल्याकडे त्या काळी तालुक्याच्या कचेरीत टाइपरायटर खडखडत होते! यात नवल नाही, कारण कॉर्नवेल लेखिका होण्याआधी व्हर्जिनियाच्या मुख्य वैद्यकीय परीक्षकाच्या कार्यालयात नोकरीला होती, आधी तांत्रिक लेखनाला आणि मग कॉम्प्युटरच्या कामाला. प्रेत आणि कॉम्प्युटर हे दोन्ही तिने एकाच छपराखाली पाहिले.

त्याच पुस्तकात बळींच्या अंगावर लेसरच्या प्रकाशात बारीक कण चमकतात, आणि त्या कणांचा माग काढत तपास पुढे सरकतो. लेसर तेव्हा नवाच होता. डीएनए तपासणीही नवी: निकालाला आठवडे लागत, नमुना बराच लागे. 1994 च्या 'द बॉडी फार्म'मध्ये टेनेसी विद्यापीठातली ती जागा आली, जिथे दान केलेली प्रेतं उघड्यावर ठेवून ती कशी कुजतात याचा अभ्यास होतो. तेही तेव्हा बहुतेक वाचकांना नवीनच होतं. या मालिकेने प्रत्येक वेळी त्या त्या काळातलं सगळ्यात पुढचं साधन टेबलावर आणलं. तीस वर्षांपूर्वीचं नवं आज आपल्याला जुनं आणि आपलं वाटतं, आजचं नवं परकं वाटतं, एवढाच फरक. 2021 च्या 'ऑटोप्सी'त अवकाशातल्या प्रयोगशाळेतल्या मृत्यूचं प्रकरण आहे. ते मला स्वतःला ओढूनताणून आणलेलं वाटलं. पण त्याच पुस्तकात रेल्वेरुळांजवळ टाकलेल्या बाईच्या प्रेताची तपासणी आहे, आणि ती जुन्या स्कार्पेटाच्या हाताची आहे.

पैशासाठी ताणली, या आरोपावर फार शाई खर्च करत नाही. बाबुराव अर्णाळकरांनी हजाराहून जास्त रहस्यकथा लिहिल्या आणि आपल्या आजोबांनी त्या वाचनालयात नंबर लावून वाचल्या. लिहून पोट भरणं हा गुन्हा नाही. पुस्तक वाईट असेल तर ते वाईट का, हे सांगावं.

शेवटचा आरोप मला सगळ्यात जास्त लागला: आपल्याला काय देणंघेणं.

आमच्या पेपरात आठवड्याला एकदा तरी ओळ येते: व्हिसेरा राखून ठेवला आहे. वाचणारा पुढे जातो. मी जाऊ शकत नाही. तासगावच्या द्राक्षपट्ट्यात फवारणीची औषधं घराघरांत आहेत, आणि विषबाधेचा संशय असला की पीएम नोट्सच्या, म्हणजे शवविच्छेदनाच्या अहवालाच्या, तळाशी मत राखून ठेवल्याचा शेरा येतो. जठर, आतड्याचा तुकडा, यकृत, मूत्रपिंड असे भाग मिठाच्या संपृक्त द्रावणात बरण्यांत घालतात, तोंडाला लाखेचं सील, वर लेबल: पीएम नंबर, पोलीस ठाणं, तारीख, डॉक्टरची सही. एक शिपाई ती बरणी घेऊन प्रयोगशाळेत जातो. मग सगळे सीए रिपोर्टची, म्हणजे रासायनिक तपासणीच्या अहवालाची, वाट बघत बसतात, आरोपी आत आणि घरचे बाहेर. उलटतपासात मी सगळ्यात आधी विचारतो ते हेच: दवाखान्यातून बरणी कुठल्या तारखेला घेतली, प्रयोगशाळेत कुठल्या तारखेला दिली, मधले दिवस ती कुठे होती? मुद्देमाल रजिस्टरमध्ये नोंद आहे का? सील जसंच्या तसं होतं हे कोण सांगणार? कितीतरी प्रकरणं विषावर ठरत नाहीत, या मधल्या दिवसांवर ठरतात.

स्कार्पेटा डॉक्टर आहे आणि कायद्याचीही पदवीधर आहे, हे फार थोडे जण लक्षात ठेवतात. पुरावा कुणी दिला, कुणी घेतला, किती वाजता, पाकिटावर कुणाची आद्याक्षरं, याबद्दल ती हट्टी आहे. तो हट्ट पहिल्या पुस्तकातही आहे आणि नव्या पुस्तकांतही. ज्यांना हे कंटाळवाणं वाटतं त्यांनी एकदा सत्र न्यायालयात येऊन बसावं.

शेजारच्या सातारा जिल्ह्यात, वाईजवळच्या धोमला 2016 साली पुरलेले मृतदेह जमिनीतून काढले गेले, तेव्हा इथल्या चहाच्या टपरीवरसुद्धा लोक एकमेकांना विचारत होते, हाडांवरून माणूस कसा ओळखतात. 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता हा फौजदारी प्रक्रियेचा नवा कायदा लागू झाला. त्याच्या कलम 176(3) प्रमाणे सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांत फॉरेन्सिक तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावा गोळा करायचा आहे आणि त्याचं चित्रीकरण करायचं आहे. राज्यांना त्याच्या तयारीसाठी पाच वर्षांपर्यंत मुदत दिली आहे. म्हणजे स्कार्पेटा जे करते ते उद्या जतमध्ये आणि शिराळ्यातही कुणीतरी करणार, आणि त्याने ते नीट केलं की नाही हे बघणारा वाचक, पंच, पत्रकार आपल्याला लागणार.

गावभागातल्या एक निवृत्त परिचारिका आमच्या वाचनगटात येतात, आम्ही त्यांना काकू म्हणतो. 2019 च्या पुरात त्यांच्या खालच्या फडताळातली पुस्तकं गेली, त्यात या मालिकेची सुरुवातीचीही होती, तोवर उघडलेलीच नव्हती. पुढे मुलीने 'ऑटोप्सी' आणून दिलं आणि त्यांची स्कार्पेटाशी पहिली भेट पंचविसाव्या पुस्तकात झाली. त्यांना ते आवडलं. वरिष्ठांनी कोंडीत पकडलेली, तरी वॉर्ड सोडून न जाणारी बाई त्यांनी नोकरीत पाहिलेली होती. बेंटन कधी मेला होता याचं त्यांना सोयरसुतक नव्हतं. त्यांना आवडलं ते सवयीमुळे, असं कसं म्हणणार? सवय लागायला आधीचं काही वाचलेलंच नव्हतं.

तेव्हा नव्या वाचकाला माझा सल्ला त्या मजकुराहून वेगळा आहे. पहिलं, चौथं आणि पाचवं ('द बॉडी फार्म') ओळीने वाचा. 'पॉइंट ऑफ ओरिजिन' वाचलंत तर 'ब्लो फ्लाय' लगेच हातात घेऊ नका. 2003 ते 2009 ची सहा बाजूला ठेवली तरी चालतील, 'पोर्ट मॉर्चुअरी'पासून पुन्हा सुरू करा, आणि जे आवडणार नाही ते नाव घेऊन, पान दाखवून नावडतं म्हणा. माझ्याकडे यातली बरीचशी आहेत. ज्याला हवी त्याने कोर्टाच्या मधल्या सुट्टीत येऊन न्यावीत.