राजापूरचा खासदार कुठे गेला?

नव्या मतदारांना 'राजापूर लोकसभा' म्हटलं की कळत नाही. त्यांना रत्नागिरी-सिंधुदुर्ग माहीत आहे. पण २००८ पर्यंत लांजा, राजापूर, देवगड, मालवण, वेंगुर्ला आणि सावंतवाडी मिळून राजापूर हा दिल्लीला खासदार पाठवणारा स्वतंत्र मतदारसंघ होता. तो गेला, याचं दुःख मला आजही आहे. आणि आता पुन्हा मतदारसंघांच्या पुनर्रचनेची चर्चा सुरू झाल्यावर ते बोलून दाखवायलाच हवं असं वाटतं.

१९५७ ते २००९ या काळात या मतदारसंघाने फक्त चार खासदार निवडले. नाथ पै, मधु दंडवते, सुधीर सावंत, सुरेश प्रभू. पहिल्या दोघांनीच १९९१ पर्यंतची चौतीस वर्षं व्यापली, आणि तीही काँग्रेसच्या विरोधात उभं राहून. १९७१ ची इंदिरा लाट आली, १९८४ ची सहानुभूतीची लाट आली, राजापूर हललं नाही. ना साखर कारखाना, ना दूध संघ, ना जिल्हा बँकेचा दबदबा. घरटी एक माणूस मुंबईला गिरणीत नाहीतर गोदीत, आणि गावात मनिऑर्डरची वाट बघणारी म्हातारी माणसं. अशा मुलखाने माणूस बघून मत दिलं, याचा मला मनापासून अभिमान आहे.

आमच्या घरात जुनी माणसं नाथ पैंचं नाव घेत नसत, नुसतं 'बॅरिस्टर' म्हणत. वेंगुर्ल्याचा हा माणूस १९५७ ला संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात निवडून आला आणि मग १९६२, १९६७ असा येतच राहिला. संसदेला मूलभूत हक्कांना हात लावता येणार नाही, असा गोलकनाथ खटल्यात सुप्रीम कोर्टाचा निकाल लागल्यानंतर मूलभूत हक्कांसह राज्यघटना दुरुस्त करण्याचा अधिकार संसदेला असावा, म्हणून त्यांनी १९६७ साली खासगी विधेयक मांडलं. त्यावर देशभर वाद झडला. विधेयक मंजूर झालं नाही, पण त्याच आशयाची चोविसावी घटनादुरुस्ती १९७१ मध्ये सरकारनेच आणली. ते बघायला बॅरिस्टर नव्हते. त्याच वर्षी १८ जानेवारीला बेळगावात त्यांचं निधन झालं, सीमालढ्याच्या हुतात्म्यांना अभिवादन केल्याच्या दुसऱ्या दिवशी. जिथे होडीने खाडी ओलांडल्याशिवाय पलीकडच्या गावाला जाता येत नव्हतं, त्या मुलखाचा प्रतिनिधी देशाच्या घटनेवर चर्चा घडवून आणत होता.

नंतर आले मधु दंडवते, म्हणजे आमचे नाना. मूळचे नगरचे, मुंबईत सिद्धार्थ कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवणारे. कोकणात ना गोतावळा, ना जमीनजुमला. राजापूरने त्यांना पाच वेळा निवडून दिलं. १९७७ ला ते रेल्वेमंत्री झाले तेव्हा त्यांच्या स्वतःच्या मतदारसंघात एक इंचही रूळ नव्हता! दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांवर गादी आली ती त्यांच्यामुळे. १९७४ च्या रेल्वे संपात काढून टाकलेले कामगार त्यांनी परत घेतले. कोकण रेल्वे महामंडळ १९९० साली स्थापन झालं तेव्हा ते अर्थमंत्री होते आणि जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री. पुढच्याच वर्षी नाना हरले. १९९८ ला संपूर्ण मार्गावर गाडी धावली, तेव्हा ते खासदार नव्हते. आमच्या माणसांनी त्यांना असं पाडायला नको होतं, हे माझं मत आजही कायम आहे.

मग मतदारसंघ गेला कसा? लोकसंख्येमुळे. २००१ च्या जनगणनेवर आधारलेल्या पुनर्रचनेत कुलाबा, रत्नागिरी आणि राजापूर या तिघांच्या जागी रायगड आणि रत्नागिरी-सिंधुदुर्ग असे दोनच उरले. पनवेल, उरण, कर्जत मावळला जोडले गेले. त्याच पुनर्रचनेत डहाणू आणि ठाणे या दोघांच्या जागी पालघर, भिवंडी, कल्याण, ठाणे असे चार झाले. यातली मेख बघा. कल्याण-डोंबिवलीच्या वाढलेल्या मतदारांत आमचे चाकरमानी किती! पोटासाठी गाव सोडलेल्या माणसांची मोजणी तिकडे झाली आणि त्यांच्या आईबापांच्या गावाचा खासदार कमी झाला. २००१ ते २०११ मध्ये सिंधुदुर्गाची लोकसंख्या ८,६८,८२५ वरून ८,४९,६५१ वर आली, रत्नागिरीचीही घटली. निव्वळ आकड्यांवर निकाल लागणार असेल तर पुढच्या खेपेला आमचं काय होईल, हे सांगायला ज्योतिषी नको.

एका मताचं मोल सगळीकडे सारखं हवं, हे तत्त्व मला मान्य आहे. पण चिपळूणपासून दोडामार्गपर्यंत, दोनशेहून जास्त किलोमीटर, खाड्या आणि घाटपायथे धरून, एकाच खासदाराने सांभाळायचे आणि कल्याणच्या खासदाराने काही तासांत आपला मतदारसंघ फिरून यायचं, यात कसली समानता? मतदारसंघांच्या पुनर्रचनेच्या, म्हणजे परिसीमनाच्या कायद्यातच भौगोलिक रचना, दळणवळण आणि लोकांची सोय विचारात घ्या, असं लिहिलंय. कॅनडात प्रांताच्या सरासरीपेक्षा पंचवीस टक्क्यांपर्यंत कमी-जास्त लोकसंख्येचे मतदारसंघ कायद्याने चालतात, कारण विरळ वस्तीच्या ग्रामीण भागाचा आवाज बुडू नये. आपल्याकडे कोकणपट्टीला आणि गडचिरोलीला अशी सवलत मिळायला काय हरकत आहे?

सध्याचा सगळा वाद उत्तर विरुद्ध दक्षिण असा चाललाय. तमिळनाडूच्या जागा घटतील का, यावर सगळे बोलतात. महाराष्ट्राच्या आत कुणाच्या जागा जाणार, यावर आमचे पुढारी गप्प आहेत. राजापूर गेलं तेव्हाही असेच गप्प होते. वेंगुर्ला, मालवण, देवगड, लांजा हे विधानसभा मतदारसंघही त्याच वेळी गेले, आणि गावात कुणाला पत्ता नव्हता.

परिसीमन आयोग आधी मसुदा प्रसिद्ध करतो, मग हरकती मागवतो, जाहीर सुनावण्या घेतो. तोवर थांबलो तर उशीर होईल. ग्रामसभांचे ठराव आत्तापासून व्हायला हवेत: रत्नागिरी-सिंधुदुर्गात आणखी तालुके घालू नका, अंतर आणि भूगोल मोजा. गणपतीला आलेल्या चाकरमान्यांनी मुंबईतल्या आपल्या मंडळांतूनही हेच ठराव करून पाठवावेत. कुणाला ठरावाचा मसुदा हवा असेल तर कमेंटमध्ये सांगा, मी लिहून देतो.